सायकलवाट : मुक्काम आधी, रस्ता नंतर

दिवाळी झाली की या सदराकडे येणारी पत्रं दुप्पट होतात. थंडी पडलेली असते, रजा शिल्लक असते आणि नकाशावर बोट ठेवून लोक अंतरं मोजायला लागतात. मी कराडजवळच्या एका शाळेत २८ वर्षं भूगोल शिकवला आणि पन्नाशी ओलांडल्यावर लांबच्या सायकल सफरींना लागले. त्यामुळे आलेली पत्रं वाचताना आधी डोळ्यांसमोर नकाशा उभा राहतो, पत्र लिहिणारा माणूस त्यानंतर. या वेळी पाच पत्रं निवडली आहेत. पहिल्या दोन उत्तरांना जागा जास्त लागली, कारण त्यात बाकीच्यांच्याही कामाचं बरंच आहे.

ताई, मी ३४ वर्षांचा आहे, बँकेत नोकरी करतो. गिअरची सायकल आहे, रविवारी ६०-७० किलोमीटर होतात. जानेवारीत दहा दिवसांची रजा आहे. नागपूरहून निघून समुद्रात पाय बुडवायचे आहेत. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, म्हणजे रोजचे सत्तर. हिशेब बरोबर आहे ना?
(एक वाचक, नागपूर)

भागाकार बरोबर आहे, पण तो रस्ता तुमचा नाही. समृद्धीवर सायकलला बंदी आहे, मोटरसायकललाही आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचं आणि अटल सेतूचंही तेच. ही बंदी मला योग्यच वाटते. ताशी १२० च्या वेगाने गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर ताशी १६ ने चालणाऱ्या माणसाने असू नये. तेव्हा समृद्धी वहीतून खोडून टाका.

आता मी कशी आखणी करते ते सांगते. मी रस्ता शोधतच नाही, आधी मुक्काम शोधते. वहीच्या पानावर खाली खाली गावांची नावं लिहायची. प्रत्येक गावात तीन गोष्टी हव्यात : रात्री छप्पर, संध्याकाळी गरम जेवण आणि सकाळी उघडणारं सायकलचं दुकान. दोन गावांतलं अंतर ६० ते ९० किलोमीटरच्या मध्ये बसलं की मग त्यांना जोडणारा रस्ता बघायचा. तोही शक्यतो राज्यमार्ग किंवा जिल्हामार्ग, ज्यावर एस.टी. जाते. एस.टी.चा रस्ता म्हणजे वाटेत गावं आहेत, गावं म्हणजे पाणी आहे, चहा आहे, माणसं आहेत.

तुमच्यासाठी मी वहीत असं मांडलं : नागपूर, सेवाग्राम, यवतमाळ, कारंजा, वाशीम, लोणार, जालना, पैठण, अहिल्यानगर, दौंड, जेजुरी, भोर, महाड, श्रीवर्धन. सेवाग्रामला आश्रमासमोर यात्री निवास आहे. अलीकडे पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम लागतो, तिथे अर्धा तास थांबाच. कारंजा, पैठण, जेजुरी ही देवस्थानांची गावं. आपल्या राज्यातले भक्तनिवास आणि धर्मशाळा म्हणजे सायकलवाल्यांचं भाग्य आहे. खोली साधी, अंघोळीला गरम पाणी आणि सायकल आत घ्यायला कुणाची ना नाही. फक्त पौर्णिमा, एकादशी आणि यात्रेच्या तारखा पंचांगात बघून ठेवा. जेजुरीला सोमवती अमावास्येला पोचलात तर पाय ठेवायला जागा मिळणार नाही.

या वाटेचा स्वभाव समजून घ्या. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे. आपलं पठार पूर्वेकडे उतरत जातं, म्हणूनच गोदावरी, पैनगंगा पूर्वेकडे वाहतात. तुम्ही पश्चिमेला निघालात म्हणजे सगळा प्रवास नदीच्या उलट दिशेने, हळूहळू वर. कळंब सोडल्यावर यवतमाळच्या अलीकडचा चढ जाणवतो. एरवी चढ डोळ्यांना दिसत नाही, पण संध्याकाळी मांड्यांना कळतो. त्याची भरपाई वारा करतो. डिसेंबर-जानेवारीत या पट्ट्यात वारा बहुधा पूर्वेकडून, ईशान्येकडून येतो, म्हणजे तुमच्या पाठीवर. हीच सफर श्रीवर्धनहून नागपूरकडे करणाऱ्याला मी जानेवारीत पाठवणार नाही.

लोणारला एक दिवस सायकल भिंतीला टेकवून ठेवा. पावणेदोन-दोन किलोमीटर व्यासाचं, उल्केच्या आघाताने बेसॉल्टमध्ये पडलेलं ते विवर आहे. मी शाळेत फळ्यावर त्याची आकृती किती वेळा काढली असेल! पण पहिल्यांदा काठावर उभी राहिले तेव्हा आकृतीत काय राहून गेलं होतं ते कळलं. पुढे मंठ्यावरून जालना, अंबड-पाचोडवरून पैठण, शेवगाववरून अहिल्यानगर. दौंडनंतर चौफुल्यापर्यंत सोलापूर महामार्गाला लागावं लागतं, तो तुकडा सकाळी लवकर उरकायचा. चौफुल्याहून सुप्याकडे वळलात की मोरगावचा शांत रस्ता सुरू होतो. सासवड, नारायणपूर, कापूरहोळ करत भोर. भोरच्या पुढे नीरा-देवघरच्या पाण्याच्या कडेने वरंधा घाट चढायचा आणि महाडला उतरायचं. वरंधा कधी दरड, कधी दुरुस्ती म्हणून बंद असतो, म्हणून आदल्या रात्री भोरच्या एस.टी. स्टँडवर विचारा. फोनवरच्या नकाशापेक्षा तिथल्या चालकांची माहिती ताजी असते. बंद असेल तर पिरंगुटवरून ताम्हिणी. त्याने एक दिवस वाढेल.

मोजलंत तर हे लोणारच्या विश्रांतीसह १४ दिवस होतात. दहा दिवसांत बसवायला जाल तर रोज शंभरावर किलोमीटर पडतील. रविवारी ७० करणाऱ्या माणसाला सलग दहा दिवस ते झेपणार नाही. चौथ्या दिवशी गुडघा बोलू लागेल. माझं म्हणणं ऐकाल? यंदा नवव्या दिवशी अहिल्यानगर गाठा. तिथून नागपूरकडे रेल्वे आहे, सायकल पार्सल ऑफिसात नोंदवून सामानाच्या डब्यातून नेता येते. समुद्राचा तुकडा पुढच्या जानेवारीसाठी ठेवा.

आम्ही चौघं मित्र, चाळिशीतले. अलिबाग ते वेंगुर्ला किनाऱ्याने जायचं ठरवलंय. अंतर पाचशेच्या आसपास दिसतं. पुणे-सातारा ११० किलोमीटर आम्ही एका दिवसात करतो, म्हणजे पाच दिवसांत व्हायला हरकत नाही. तरीही कुणीतरी म्हणालं की ताईंना विचारा.
(डोंबिवलीचे चौघे)

ज्याने विचारायला सांगितलं त्याने किनारा पाहिलेला आहे. सागरी मार्ग नकाशावर समुद्राला चिकटून जाणारी सपाट रेघ दिसतो, पण तो सपाट नाही. दर थोड्या अंतरावर खाडी येते. रस्ता जांभ्याच्या सड्यावरून, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या खडकाळ पठारावरून, खाली पाण्यापर्यंत उतरतो, पलीकडे पुन्हा सड्यावर चढतो. चढ शंभर मीटरचा, कधी त्याहून थोडा जास्त, पण उभा. असे दहा चढ दिवसात आले की हजार मीटर झाले. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाताना साधारण तेराशे मीटर चढतो आपण. कोकणात रोज त्याच्या जवळपास जाणारं काम करावं लागतं आणि शेवटी थंड हवेचं ठिकाणही येत नाही.

मी स्वतःसाठी एक अडाखा ठरवलाय : दर १०० मीटर चढाला चार किलोमीटर जास्तीचे धरायचे. म्हणजे ६० किलोमीटर आणि १,००० मीटर चढ असेल तर वहीत १०० लिहायचं. चढ मोजायला फोनवर सोयी आहेत, पण मी अजून भारतीय सर्वेक्षण विभागाचे ५० हजारांत एक या प्रमाणाचे नकाशे पसरून बसते. त्यावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दर २० मीटर उंचीला असतात. रस्त्याने किती रेषा ओलांडल्या ते पेन्सिलीने मोजायचं. मुलांना शिकवायचे तेच, फक्त आता त्याची परीक्षा मलाच द्यावी लागते.

दुसरी गोष्ट जंगलजेट्टीची, म्हणजे फेरीबोटीची. तुमच्या वाटेवर चार आहेत : आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. आखणीतले खरे खिळे हेच आहेत, बाकी सगळं सरकवता येतं. सुटण्याच्या वेळा दोन दिवस आधी विचारून घ्या आणि शेवटच्या बोटीवर कधीही विसंबू नका.

२०१६ च्या डिसेंबरात मी गुहागरहून निघाले. हेदवीला देवळात रेंगाळले, मग बामणघळ बघायला खडकांवर गेले, नंतर मागे वळून वेळणेश्वरला अंघोळ. तवसाळला पोचले तेव्हा दिवस बुडाला होता आणि शेवटची बोट पलीकडच्या काठाला लागलेली दिसत होती. जयगडचे दिवे समोर, इतके जवळ की हाक मारावी. पण रस्त्याने तिथे जायचं तर आबलोलीवरून राई-भातगावच्या पुलाचा वळसा, अंधारात, चढ-उतारांचा. धक्क्याजवळच्या एका घरातल्या आजी अंगणात आल्या, मला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "आता कुठं जातंस बाय, ये घरात." कुळथाची पिठी, भात आणि भाजलेला पापड. सकाळी पैसे पुढे केले तर त्यांनी माझा हात मिटवला. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक फेरीबोटीपुढे दुपारी तीनच्या आतली वेळ लिहिलेली असते. तुम्ही चौघं आहात. चौघांना घ्यायला आजींच्या पडवीत जागा नाही.

तेव्हा नऊ दिवस धरा. मुरूड, श्रीवर्धन, हर्णे, गुहागर, गणपतीपुळे, पूर्णगड, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला. यात विजयदुर्ग ते मालवण सगळ्यात मोठा दिवस. नको वाटला तर देवगडला थांबा आणि दहा दिवस करा. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताय हे चांगलं केलंत. थंडी-उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा बहुधा वायव्येचा असतो, तो तुम्हाला ढकलत नेईल. सकाळी साडेसहाला निघा, अकराला सावली धरा, तीननंतर पुन्हा. सड्यावर झाड नसतं, पाणीही नसतं. खाडी ओलांडली की पहिल्या घरी बाटल्या भरून घ्या आणि मगच चढाला लागा. परत येताना कोकण रेल्वेने येणार असाल तर सायकली छोट्या स्टेशनवर चढवायचा विचार नको. तिथे गाडी मिनिट-दोन मिनिटं थांबते, सामानाचा डबा फलाटाच्या टोकाला. मोठं स्टेशन गाठा.

बाई, मी फलटणला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आजोबांची २२ इंची काळी सायकल आहे, गिअर नाहीत. जानेवारीत कोल्हापूरला जाऊन यायचंय. सगळे हसतात. जमेल का?
(एक विद्यार्थी, फलटण)

जमेल. तुझ्या आजोबांच्या पिढीने याच सायकलवर दुधाचे कॅन, गवताचे भारे आणि लग्नाचं सामान वाहिलंय. दुकानात जाऊन मागचं फ्रीव्हील बदलून घे. बहुतेक १८ दात्यांचं असेल, २२ चं बसव. सपाटीवर वेग थोडा कमी होईल, चढावर पाय मोकळे चालतील. ब्रेकचे रबर नवे घाल, चेनला तेल, मागच्या चाकाचे आरे ताणून घे. तुझ्या ट्यूबची हवा कुठल्याही गावातल्या पंपावर भरता येते, हे सुख महागड्या सायकलवाल्यांना नसतं. चढ उभा आला तर उतरून ढकल, त्यात कमीपणा नाही. मीही ढकलते.

वाट अशी धर : फलटण, दहिवडी, विटा, तासगाव, सांगली, मग कोल्हापूर. महामार्ग टाळायचा. चार दिवस जायला, चार यायला. मोगराळ्याचा घाट पहिल्याच दिवशी येईल, तो सकाळी चढ.

एक गोष्ट मात्र मी तुला बजावून सांगते. जानेवारी म्हणजे गाळपाचा हंगाम. सांगली-कोल्हापूरच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या उसाने भरून जातात, पुष्कळांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर उसाच्या वाढ्यांनी झाकलेला असतो. ट्रॅक्टरवाल्याला मागचं काही दिसत नाही, आणि त्याला चुकवायला निघालेल्या मोटारवाल्याला तू दिसत नाहीस. सूर्य मावळायच्या आधी सायकल थांबलीच पाहिजे. माझा एक विद्यार्थी अशाच संध्याकाळी ट्रॉलीवर आदळला. तो आज चालतो, पण काठी घेऊन. पोचलास की मला पत्र टाक.

मी ४७ वर्षांची, सांगलीची. मुलं मोठी झाली. एकटीने आठवडाभर सायकलवर जावं असं फार वाटतं. घरचे म्हणतात, बाईमाणसाने एकटीने? तुम्ही कसं करता?
(एक वाचक, सांगली)

भीती मलाही होती आणि ती पूर्ण गेलेली नाही. ती आखणीत बसवली की तिचा त्रास कमी होतो, एवढं सांगू शकते.

मी दुपारी चारच्या पुढे सायकलवर नसते. म्हणून माझे दिवस ६० किलोमीटरचे असतात, पुरुष मंडळींच्या शंभराशी मी तुलना करत नाही. पहिल्या रात्रीचा आणि शेवटच्या रात्रीचा मुक्काम ओळखीच्या घरी ठेवते. मधल्या मुक्कामांना आदल्या दिवशी फोन करते आणि फोनवर बाईचा आवाज ऐकू आला तर तीच जागा पक्की करते. अनोळखी गावात शिरल्यावर काही अडलं तर मी आधी अंगणवाडी किंवा जिल्हा परिषदेची शाळा शोधते. तिथे सेविका असतात, शिक्षिका असतात, आणि गावात कुणावर विसंबायचं हे त्यांना पक्कं माहीत असतं. पाण्याची बाटली भरता भरता दहा मिनिटांत तुमचा सगळा बायोडेटा त्यांच्याकडे आणि त्यांचा तुमच्याकडे. "उद्या कुठे?" असं रस्त्यात कुणी विचारलं तर मी खरं गाव सांगत नाही. घरी मात्र दर मुक्कामाचं नाव आणि फोन लिहिलेला कागद फ्रिजवर लावून येते.

पहिल्या सफरीला सांगलीहून औदुंबर, औंध, सातारा, वाई असं जाऊन दुसऱ्या वाटेने परत या. वाईला कृष्णेच्या घाटावर संध्याकाळी बसायला मिळेल. सायकलचं सीट आधी तपासा. पुष्कळ दुकानांत पुरुषांच्या हाडांच्या मापाचं अरुंद सीट बसवून देतात आणि बायका मुकाट्याने सोसतात. थोडं रुंद सीट मागून घ्या, दोन आठवडे त्यावर बसून बघा, मगच निघा. आणि मासिक पाळीची तारीख लक्षात घेऊन मुक्काम ठरवा, त्या दिवसांत देवळाच्या भक्तनिवासापेक्षा चांगल्या न्हाणीघराचं लॉज बरं. हे कुणी लिहीत नाही म्हणून लिहिलं.

घरच्यांना म्हणावं, एका रविवारी तुमच्याबरोबर तासगावपर्यंत या. पुढच्या वेळी ते "कुठपर्यंत पोचलीस?" एवढंच विचारतील.

पावसाळ्यात वरंधा घाटातले धबधबे बघत भोरहून महाडला सायकलने उतरायचंय. जुलैचा तिसरा आठवडा कसा राहील?
(एक वाचक, ठाणे)

नको. जुलैत तिथे धुकं इतकं असतं की पुढच्या चाकाच्या पलीकडे दिसत नाही, ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो आणि वरून दगड येतात. दरडी पडून हा घाट पावसाळ्यात बंद ठेवावा लागतो तो उगाच नाही. धबधबे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातही थोडे उरलेले असतात, तेव्हा जा.

पावसातच जायचं असेल तर सह्याद्रीकडे पाठ करा. जुलैत वारा पश्चिमेकडून जोराचा असतो, पूर्वेला निघालात की तो शिडात भरल्यासारखा नेतो. आषाढी होऊन चार-पाच दिवस गेले की आळंदी, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, नातेपुते, वेळापूर, पंढरपूर ही पालखीची वाट मोकळी होते. पुण्याच्या पुढे पाऊस बराच कमी होतो, दिवे घाट चढून गेलात की पुढे रस्ता बराचसा सौम्य आहे. मी चार दिवसांत गेले होते. पंढरपुरात चंद्रभागेला पाणी होतं आणि वाळवंटात दिंड्यांच्या चुलींचे काळे दगड अजून तसेच पडले होते. येताना सायकल रेल्वेत टाका. तो वारा समोरून घेऊन परत येणं तुम्हाला जमायचं नाही.